शिंपल्यांची गोणी आणि आप्पांची धार

उन्हाळा लागला की माणसं समुद्राकडे धावतात. आमच्या हर्णैच्या बाजूला तर मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी किनारा फुलून जातो. चांगली पोक्त माणसं विजारी दुमडून शिंपले वेचताना दिसली की मला हसू येतं, कारण ते पायाखाली तुडवतच आम्ही शाळेत जात होतो. त्या वर्षी मात्र मीच टोपली घेऊन किनारा पालथा घातला, एक गोणी भरली आणि सगळ्या गर्दीच्या उलट्या दिशेनं, ऐन सुट्टीत, बदलापूरला निघाले. एसटीच्या कंडक्टरनं नाकाला रुमाल लावून विचारलं, "बाई, आत काय मेलंय?" मी म्हटलं, "शिंपले आहेत हो नुसते." पण खरं सांगायचं तर त्यातले काही पूर्ण रिकामे नव्हते.

मोबाईल नुकते आमच्यासारख्यांच्या हातात आले होते आणि बोलण्यापेक्षा मिस्ड कॉलच जास्त दिले जायचे, तेव्हाची ही गोष्ट. वंदना ही माझी डी.एड.ची मैत्रीण. लग्न होऊन बदलापूरजवळच्या सोनिवलीत गेली आणि अंबरनाथच्या एका शाळेत शिकवू लागली. तिनं चक्क स्वतःचा बॅलन्स खर्चून फोन केला, तेव्हाच मी ओळखलं की काम नाजूक आहे.

"शैले, आमच्या आप्पांना सुरी बंद झालीय," ती म्हणाली.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. मूळचे तिथलेच शेतकरी, पण सगळी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, टूलरूममध्ये, हत्यारांना धार लावण्यात गेली. त्यांच्या घरामागे आंब्याचं मोठं झाड आहे. दरवर्षी मे महिन्यात त्याच्या कैऱ्या उतरवून अंगणात आंबोशी घालायची, म्हणजे कैऱ्या सोलून, फोडी करून, मीठ लावून वाळवायच्या आणि वर्षभर कालवणात टाकायच्या. त्या दिवशी भावकीतल्या बायका जमतात आणि त्यांच्या मधोमध एकटा पुरुष बसतो, तो आप्पा. आदल्या वर्षी फोडी करताना त्यांचा अंगठा कापला. साखरेचा आजार. जखम भरता भरेना, दवाखान्यात राहावं लागलं, अंगठा जाता जाता राहिला. तेव्हापासून सासूबाईंनी घरातलं प्रत्येक पातं कपाटात घालून किल्ली कमरेला लावली होती.

"ह्या वर्षी ते त्या दिवशी घरात थांबणारच नाहीत," वंदना म्हणाली. "बहिणीकडे जांभूळ गावाला जाणार म्हणतात. पिशवीसुद्धा भरून ठेवलीय. बायका कैऱ्या कापताहेत आणि आपण खुर्चीत बसून बघायचं, हे त्यांना सोसणार नाही गं. तुमच्याकडे ते शिंपल्यानं कैरी सोलतात ना?"

सोलतात. अजूनही काही घरांत सोलतात. मोठा शिंपला घ्यायचा, त्याची फुगीर पाठ ओल्या दगडावर घासत राहायची. पाठ झिजते आणि एका जागी भोक पडतं. त्या भोकाची कड इतकी धारदार असते की कैरीवरून ओढली की साल त्यातून वर येते. धार भोकात, बोटं बाहेर, त्यामुळे कापायची भीती नसल्यासारखीच. शिवाय लोखंडानं कैरीची फोड काळवंडते, शिंपल्यानं गोरी राहते. मी घरी बसून असे काही शिंपले घासून तयार केले, जाड शिंपल्यांच्या कडा गोट्यानं टवके काढून करवतीसारख्या केल्या, ते सगळं गोणीत वर ठेवलं आणि निघाले. एका म्हाताऱ्या माणसाला आंबोशीच्या दिवशी अंगणात बसवायचं, एवढंच माझ्या प्रवासाचं प्रयोजन होतं.

अंबरनाथ

वंदनाची शाळेतली कामं संपायची होती म्हणून मी आधी अंबरनाथला उतरले. ती म्हणाली, आलीच आहेस तर देऊळ बघून जाऊ. दोन्ही बाजूंना इमारती, कारखान्यांचे पत्रे, रिक्षांची भांडणं, आणि मग एकदम खाली ओढ्याकाठी ते काळं दगडी देऊळ. एवढं बारीक कोरीवकाम की बघता बघता मान अवघडते. आमच्या गावच्या कौलारू देवळाला मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

"लग्न झाल्यावर आप्पांनी मला इथे आणलं," वंदना सांगत होती. "मला वाटलं देवाच्या पाया पडायला आणलंय. तर हे कोपऱ्यात कोरलेल्या एका बाईची बांगडी दाखवून म्हणतात, बघ, ही छिन्नी रोज संध्याकाळी घासलेली असणार. देवाकडे बघितलंसुद्धा नाही."

मला तो माणूस न भेटताच आवडला. तेवढ्यात दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या गोणीकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की आम्ही गाभाऱ्यात न जाताच बाहेर आलो.

सोनिवली

सोनिवलीत तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. सगळीकडे 'निसर्गाच्या कुशीत' असे फलक, आणि निसर्ग मात्र खणून रस्त्याच्या कडेला ढीग घातलेला. त्या सगळ्यात वंदनाचं बैठं घर, पुढे सारवलेलं अंगण आणि मागे आंबा. ओट्यावर खुर्चीत आप्पा बसले होते. उंच, हाडापेरानं भक्कम, हातात पेपर. पेपर उलटा नव्हता, पण ते तो वाचतही नव्हते. खुंटीला जांभूळची पिशवी टांगलेली होती.

सासूबाईंना सगळे माई म्हणतात. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, चालताना कमरेच्या किल्ल्या वाजतात. भाजी चिरायची तर त्या आप्पांना झोप लागेपर्यंत थांबत आणि मग कपाटातून विळी काढत. त्यामुळे त्या घरात जेवण उशिरा व्हायचं आणि कारण कुणी बोलायचं नाही.

मी वेळ घालवला नाही. चहा झाल्याबरोबर एक तयार शिंपला काढला, कैरी घेतली आणि त्यांच्यासमोर सोलून दाखवली. साल लांबच लांब निघाली. मी विजयानं वर पाहिलं.

"बरा हाय," आप्पा म्हणाले. "पन धार तुजी हाय."

"मग?"

"दुसऱ्यानं धार लावलेला हत्यार मी आयुष्यात हातात धरला नाय, बाय. टूलरूममधी साहेबाचा पन धरला नाय."

नितीननं, म्हणजे वंदनाच्या नवऱ्यानं, मागे बाजारातून आणलेलं प्लॅस्टिकच्या मुठीचं सोलाणंही ह्याच कारणावरून परसात भिरकावलं गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मग तुम्ही स्वतः घासून करा ना नवीन!" तर पेपर चेहऱ्यासमोर आला. त्यामागून आवाज आला, "त्यो पोरींचा खेल हाय. मना रविवारी जांभूलला जायचंय."

रात्री सुकटीचं कालवण होतं आणि त्यात आंबोशीच्या फोडी. आमच्याकडे त्या जागी कोकम असतं. पण ह्या फोडीला एक वेगळाच चावा आहे, आधी आंबट लागते आणि मग मागाहून खारट. मी तीनदा भात घेतला. माई वाढता वाढता म्हणाल्या, "बरणीच्या तलाची हाय. ही ह्यानीच कापलेली, अंगठ्याच्या आधी." आप्पा मान खाली घालून जेवत राहिले.

कॅम्प नंबर तीन

सकाळी उठून बघते तर गोणी गायब. रात्रभर तिच्या वासानं घरातल्या कुणाला झोप लागली नव्हती. मला लागली होती, कारण मला तो वास येतच नाही. नितीन उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये, म्हणजे जुन्या सिंधी छावणीच्या भागात, एका जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मनानं फार चांगला, हाताला फार घाई. तो सकाळीच गोणी घेऊन गेला होता. "मॅडम, धुऊन देतो," एवढाच निरोप होता.

वंदना आणि मी मागोमाग निघालो, तेही खरेदीच्या निमित्तानं. कॅम्प तीनबद्दल आमच्या हर्णैला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. गल्ल्या अशा की समोरून हातगाडी आली तर आपण दुकानात शिरायचं, आणि दुकानात शिरलं की दुकानदारानं आपल्याला बसवलंच. सगळीकडे जीन्स. दोरीवर जीन्स, रिक्षात जीन्स, माणसाच्या डोक्यावर जीन्सचा डोंगर आणि खाली फक्त दोन पाय. आमच्याकडे मासळीचा लिलाव होतो तेव्हा एवढा कालवा असतो, पण तो तासाभरात संपतो. इथला दिवसभर चालतो. एका कोपऱ्यावर दाल-पकवान खाल्लं. मैद्याची कडक पुरी, तिच्यावर घट्ट डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. न्याहारीला एवढं तळकट खाऊन माणसं पुन्हा कामाला जातात, ह्याचं मला कौतुक वाटलं. मला सरळ झोप येत होती.

नितीनच्या कारखान्याचे मालक हरेशभाई दारातच उभे होते. "आओ मॅडम, आओ! काम एकदम फर्स्ट क्लास झाला आहे. ऐसा चमकाया है ना, तुम्ही बोलणार हा माल इम्पोर्टेड आहे!"

आणि त्यांनी टेबलावर माझे शिंपले ओतले.

पांढरेशुभ्र होते. वास नव्हता. हाताला गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखे लागत होते. ह्या भल्या माणसांनी काय केलं होतं? त्यांना धुणं म्हणजे एकच माहीत. गोणी उपडी केली होती थेट स्टोनवॉशच्या ड्रममध्ये, दगडांबरोबर आणि वरून ब्लीच. नव्या कोऱ्या जीन्सला जुनी करणारं ते यंत्र. त्यानं नाजूक शिंपल्यांचा चुरा केला होता आणि जाड होते त्यांच्या सगळ्या कडा गोल केल्या होत्या. मी घरी बसून घासलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. लोण्यावरून फिरावं तसं फिरलं. करवतीचे दात तर कुठे होते तेही कळेना.

"छान ना?" नितीननं विचारलं.

"छान," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हरेशभाईंनी वर थंड पाजलं आणि पैशाचा विषय काढला तर रागावले. "साईं, तुम्ही गेस्ट आहात. असा काय करता?"

येताना शेअर रिक्षात मी एका मांडीवर बसल्यासारखी बसले होते आणि दुसऱ्या मांडीवर गोणी. वंदनाला म्हटलं, जाऊ दे, मी एक दिवस आधीच परत जाते. आप्पांना नकोच आहे तर कशाला? पुन्हा घासता आले असते शिंपले, पण माझाच हुरूप गेला होता. राग नितीनचा होता आणि तो त्याच्यावर काढता येत नव्हता.

पुन्हा ओट्यावर

घरी आले आणि गोणी ओट्यावर जरा जोरातच टाकली. तिचं तोंड सुटलं आणि शिंपले आप्पांच्या पायापर्यंत घरंगळत गेले. त्यांनी एक उचलला. अंगठा कडेवरून फिरवला. मग दुसरा उचलला. पेपर खाली गेला.

"कोनी केली ही दशा?"

मी सांगितलं.

"नितीनला अक्कल नाय!" आप्पा कडाडले. "अरे, कडेची पार वाट लावली! धारेची वस्तू कोन ड्रममधी घालतंय? काल बरी होती तुजी धार. बरी म्हंजे, ठीक होती."

काल ज्याला पोरींचा खेळ म्हटलं त्याचं हे सुतक चाललं होतं. ते शिंपला उजेडाकडे धरून बघत राहिले, कडेवरून पुन्हा अंगठा, पुन्हा उजेड. बोथट वस्तू समोर पडलेली त्या माणसाला बघवतच नव्हती. शेवटी आत पाहून हाक मारली, "गो, माजी पेटी दे."

आत किल्ल्यांचा आवाज थांबला. माई दारात आल्या. त्या पेटीत आप्पांचे धारेचे दगड होते, आणि त्यांच्याच जोडीला सुऱ्या, पटाशा, सगळं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. वंदना माझा हात दाबत होती. मग माई आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि त्या परत आल्या त्या पदरात दगड घेऊन. पेटी नव्हती. फक्त दगड, एकावर एक, पदरात. त्यांनी ते आप्पांच्या पायाशी ठेवले आणि पुन्हा किल्ली लावायला गेल्या.

आप्पांनी मोरीतून लोटाभर पाणी आणायला मला सांगितलं.

दुपारची लाईट गेली होती. लोडशेडिंगमध्ये पंखे बंद, सगळं बदलापूर घामानं निथळत होतं आणि आम्ही दोघं ओट्यावर शिंपले घासत होतो. मला वाटायचं मला हे येतं. पण मी घासायचे ती गावात बघून बघून आलेली सवय होती, आणि आप्पांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. "सुकं घासू नको, भुकटी छातीत जाते. पानी सोड. दाबू नको गो, दगडाला त्याचं काम करू दे." मग माझीही वेळ आली. त्यांनी एका जाड शिंपल्याची कड दगडावर आपटून उडवायला घेतली आणि शिंपल्याचे सरळ दोन तुकडे झाले. दुसऱ्याचे झाले. तिसऱ्याचेही झाले तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, हे लोखंड नाही. मांडीवर फडकं ठेवा, त्यावर शिंपला, आणि लहान गोट्यानं कडेवरच टिचकी मारल्यासारखं मारा." पहिला टवका निघाला, मग त्याच्या शेजारी दुसरा. आप्पांच्या चेहऱ्यावर हसू आलं तर त्यांनी ते मिशीत दडवलं.

भोक पाडल्यावर ते आतल्या अंगानं त्याची कड अशी तिरकी घासत की धार वर न येता खोबणीत राही. ही त्यांची स्वतःची सुधारणा. आमच्या गावात कुणी तसं करत नाही. आता करतात, कारण मी सगळ्यांना सांगत सुटले.

संध्याकाळी नितीन आला. मी जपून बसले. आप्पांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "बोथट करायला अक्कल लागत नाय. बस हितं, पानी घाल." नितीन बिचारा इस्त्रीच्या कपड्यांत पाणी घालत बसला.

पण पिशवी खुंटीवरच होती. मी झोपताना पाहिली, आणि सकाळी उठल्यावरही आधी तीच पाहिली.

रविवार

उजाडताच कैऱ्या उतरल्या. अंगणात गोणपाटं अंथरली, बायका आल्या, विळ्या मांडल्या, तिखटमीठ लावलेली पहिली कैरी सगळ्यांनी खाल्ली आणि डोळे मिटून घेतले. हसणं, ओरडणं, एकमेकींच्या सुनांची खबर. आणि मधली जागा मोकळी. कुणी ठरवून सोडली नव्हती, पण तिथे कुणी बसतही नव्हतं.

आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर आले. खुंटीपाशी थांबले. मी कैरी हातात घेऊन नुसती बसले होते. त्यांनी पिशवीमागच्या कोनाड्यात हात घातला, फडक्यात बांधलेले शिंपले काढले आणि पायऱ्या उतरून सरळ मधल्या जागेत येऊन मांडी घातली.

एक वहिनी म्हणाली, "भावजी, ह्यानं कापनार?" आप्पांनी कैरी घेतली, शिंपला ओढला. साल निघाली. मग टवक्यांच्या कडेनं फोड कापली, जरा रेटून, जरा चिरत. वेळ लागला. पण फोड पडली ती पांढरीशुभ्र, आणि शेजारच्या विळीवरची तोवर काळवंडायला लागली होती. "आमचीच काली कशी दिसतेय गो?" असं ती वहिनीच म्हणाली आणि मग एकच गलका झाला. सगळ्यांना शिंपला हवा. आप्पा कुणाला देईनात.

आणि मग हात घसरला. कैरीच्या चिकानं शिंपला निसटला आणि त्यांच्या अंगठ्यावरून गेला. तोच अंगठा. माई कुठे होत्या कोण जाणे, त्या समोर आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी आप्पांचा हात ओढून घेतला. पदरानं अंगठा पुसला. पांढरी ओली भुकटी निघाली. पुन्हा पुसला. जुन्या जखमेचा वळ दिसला, आणि त्याच्या शेजारी एक नुसता पांढरा ओरखडा. रक्त नव्हतं. माईंनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, सगळ्या बायकांसमोर. मला रडू फुटलं आणि मी ते कैरीच्या आंबटपणावर ढकललं.

माईंनी हात सोडला. "सावकास करा," त्या म्हणाल्या. "कोन पाठी लागलाय?"

मग त्या उठल्या, ओट्यावर गेल्या, खुंटीवरची पिशवी काढली, आतले कपडे तिथेच उपडे केले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. त्यात चांगल्या चांगल्या कैऱ्या निवडून भरल्या आणि नितीनच्या हातात दिल्या. "जा, जांभूलला आत्याला देऊन ये. सांग, तुजा भाऊस आज कामात हाय."

आप्पांनी वर पाहिलं नाही, पण पुढची कैरी त्यांनी फार झोकात सोलली.

मग मी परत आले. निघताना माईंनी ओल्या आंबोशीची पुडी दिली होती, ती आमच्या पत्र्यावर वाळवली. आमच्या कालवणात कोकमाच्या जोडीला ती कशी लागते हे बघून घरातली मंडळी आधी कुरकुरली आणि मग गप्प जेवली. बऱ्याच दिवसांनी वंदनाचा फोन आला. मिस्ड कॉल नाही, खरा. मी हॅलो म्हटलं तर पलीकडे आप्पा. गावात शिंपले मागणारे फार झालेत, माल संपलाय, म्हणाले, अजून एक गोणी पाठव.

मी म्हटलं, "पाठवते. ह्या वेळी नीट धुऊन, वाळवून पाठवते."

"धुऊ नको!" आप्पा ओरडले, मग जरा हळू म्हणाले, "बाय, वास आला तर येऊ दे. घरात कोन काय बोलत नाय आता."